टिलमधला एक पैसा

दर्यापूरहून कापसाची गाडी अकोल्याला निघाली, त्या सकाळी मी बोज्यांवर चढून बसलो होतो. आबा दुकान सोडून पोराला पोचवायला वेशीपर्यंत आले. म्हणाले, "गोऱ्या साहेबाच्या दुकानी जाऊन राह्यला, जाय. पण गल्ला कधी रिकामा ठेवू नोको. रातच्याले एक तरी पैसा राहू दे." मला हसू आलं. कापसाला सोन्याचा भाव आला होता. गल्ला रिकामा राहीलच कसा?

वामना, साहेबाचा गल्ला कसा असतो, असं तू पत्रात विचारलं होतंस. साहेब त्याला टिल म्हणतो. आबा गल्ल्याला उदबत्ती ओवाळतात, चुकून पाय लागला तर हात जोडतात. टिल म्हणजे नुसता लाकडी खण. आलेले पैसे टिलमध्ये टाकायचे, मोड टिलमधून द्यायची आणि दुकान बंद करताना टिल पार रिकामी करायची. तोंडून 'गल्ला' निघालं की साहेबाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. महिनाभरात मी शब्द बदलला. हात मात्र ऐकेना. रोज संध्याकाळी पदरचा एक पैसा मी खणाच्या कोपऱ्यात ठेवायचो आणि सकाळी उचलायचो.

एकदा कुलूप लावण्याआधी साहेबाने खण ओढून पाहिला. हिशेबापेक्षा पैसा जास्त! आज जास्त निघाला, उद्या कमी निघेल, असं म्हणून त्याने किल्ली काढून घेतली आणि मला गोदामात गठ्ठे मोजायला धाडलं. 'टिल', 'की', 'चेंज', सगळं मला इंग्रजीत येत होतं. पण खण रात्री रिकामा का ठेवू नये, हे सांगायला एक शब्द सापडला नाही. चोर तरी काही थाप मारतो. मी गोदामाकडे चालू लागलो. या गोष्टीचा माझा संताप अजून जात नाही.

दिवाळीत घरी आलो तेव्हा आबांनी विचारलं, "काय रे, गल्ला बरा चालते ना?"

"चालते, आबा."

निघताना त्यांनी आपल्या गल्ल्यातला पैसा माझ्या हातावर ठेवला. "तुया गल्ल्यात राहू दे."

तो अजून कनवटीला आहे. टाकू कुठे? आता घर म्हणजे मला एवढंच वाटतं, की तिथे या पैशाचा खुलासा कोणी मागत नाही. पोळ्याला येईन तेव्हा आबांची नजर चुकवून तो त्यांच्याच गल्ल्यात टाकीन. तू तेवढा त्यांना बोलण्यात गुंतवून ठेव.