कोंडाण्याच्या रानातला पट्ट्यांचा वाघ

आमच्या घराण्यात वाघ फक्त मी आणि ह्यांनीच पाहिला आहे, आणि त्याने चड्डी घातली होती.

आणीबाणीतला दसरा नुकताच झाला होता. ह्यांच्या एका कंत्राटदार मित्राने सरकारी लिलावात नवीनच घेतलेली जुनी जीप सुट्टीपुरती आम्हाला दिली. "रंग तेवढा द्यायचा राहिलाय," तो म्हणाला. ह्यांनी कुणाची तरी दुर्बीण गळ्यात अडकवली आणि जाहीर केलं, की पाऊस संपलाय, कर्जतच्या बाजूला जनावरं बाहेर पडली असणार, मुलांना बिबट्या दाखवायचा. मी मळली तरी चालेल अशी जुनी पांढरी साडी नेसले आणि चकल्यांचा डबा ह्यांच्या जुन्या चामडी बॅगेत भरला. मुलं मागे कॅनव्हासच्या पडद्याआड होती. ठाणं सुटेपर्यंत ती भांडली आणि मग एकमेकांवर ढीग होऊन झोपली.

कर्जत मागे पडलं आणि कोंडाण्याच्या लेण्यांकडचा कच्चा रस्ता लागला. दोन्हीकडे पिवळं पडत चाललेलं भात, त्यापुढे माणसाच्या उंचीचं गवत. पहिल्या वाडीजवळ आलो तशी कुणीतरी लांबून शीळ घातली. आम्ही पोचेपर्यंत तिथे एकही पुरुष नव्हता. ओट्यावर अर्धी ओढलेली विडी मात्र धुमसत होती. बायका दारात उभ्या राहून, आम्ही त्यांचे हंडे पळवायला आलोय अशा नजरेने बघत होत्या.

"इथं काही दिसतं का हो?" ह्यांनी एकीला विचारलं.

"काय पन नाय. समदे मुंबईला गेले."

"आम्ही जनावरांबद्दल विचारतोय."

"जनावरं पन गेली," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

पुढच्या वाडीतही तोच प्रकार. ह्यांचा संशय बळावला. "अगं, गावातले पुरुष गायब आहेत म्हणजे नरभक्षक असणार. सरकार दाबून ठेवतंय." (सरकारबद्दल त्या वर्षी सगळेच कुजबुजत, तसे तेही कुजबुजले.) मला वेगळीच शंका होती. इथे हातभट्टी आहे आणि हे लोक आपल्याला पोलीस समजतायत.

"अहो, वळवा गाडी."

"घाबरलीस?"

"घाबरले."

तेवढ्यात उजवीकडचं गवत हललं. ह्यांनी जीप थांबवून दुर्बीण लावली.

"पट्टे दिसतायत," ते म्हणाले. "बिबट्या नाही. वाघ आहे."

मी दुर्बीण ओढून घेतली. पट्टे खरंच होते, निळे. निळा वाघ कसा असेल असं मी विचारणार, इतक्यात वाघ दोन पायांवर उभा राहिला, चड्डीची नाडी एका हाताने धरली आणि डोंगराकडे पळत सुटला. त्याच्या मागोमाग गवतातून आणखी सात-आठ जण उठले. पण ते पळाले नाहीत. हातात कोयते घेऊन जीपकडे आले. मागून बायकाही आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक सुकलेली, ताठ म्हातारी.

"नर्सबाय," ती मला म्हणाली, "खाली उतर."

"मी नर्स नाही."

"मग ह्या पेटीत काय हाय? कापायची हत्यारं?"

"चकल्या आहेत."

"आन् ह्यो तिरकोन कसला?"

मी खाली वाकून पाहिलं. जीपच्या दारावर, धुळीखाली, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण अगदी ठसठशीत होता. मग सगळं एकदम ध्यानात आलं. नसबंदीवाले आले म्हणून गावचे पुरुष रानात पळाले होते, आणि आम्ही त्यांनाच दुर्बिणीतून शोधत होतो.

"आम्ही वाघ बघायला आलोय," हे म्हणाले. खरं बोलणारा माणूस इतका खोटा दिसलेला मी पुन्हा पाहिला नाही. एकाने कोयता बोनेटवर ठेवला. "किल्ली द्या सायेब."

त्या आवाजाने मागचा पडदा हलला. आमचा थोरला डोळे चोळत उतरला. मग दुसरा. मग दोघी मुली, एकमेकींचे केस ओढत. चौथ्या मुलापाशी एका बाईने तोंडाला पदर लावला. पाचवा उतरला तेव्हा कोयता बोनेटवरून निघाला. सहावी झोपेतच होती, तिला ह्यांनी उचलून आणलं.

"समदी तुजीच?" म्हातारीने विचारलं.

"माझीच."

"मग पयलं सांगायचं ना गं," ती म्हणाली आणि मागे वळली. "सोडा रं त्यांना. ही त्यातली नाय."

त्यानंतर आमचा पाहुणचार झाला. निळ्या पट्ट्यांचा वाघ लाजत लाजत परत आला, त्याने आमच्या चकल्या खाल्ल्या आणि सुरू होईना त्या जीपला धक्का दिला. निघताना म्हातारी माझ्या कानाशी आली.

"बाय, आमचं गडी काय कुनाला गावायचं नाय. पन तुजा नवरा हाताशी हाय, गाडी पन हाय. खालापूरला दवाखाना हाय. जाता जाता थांब."

"काय म्हणत होती गं?" गाडी सुरू झाल्यावर ह्यांनी विचारलं.

"खालापूरचा रस्ता सांगत होती," मी म्हटलं. "आपण आधीच जायला हवं होतं, आता फार उशीर झालाय, असं तिचं मत पडलं."