दोनशे कोटी वॉटची चूक

पौडच्या बाजारात रफीकभाईंच्या जीपवरचा भोंगा बोलला की विषय संपला! पोलिओचा डोस कधी, नळाचं पाणी कधी बंद, मयत कुणाच्या घरी. भाईंनी पुकारलं म्हणजे खुशाल घड्याळ लावून घ्यावं. पंचवीस वर्षांत एक वेळ चुकली नाही, आणि त्याच नावावर घरची चूल पेटत होती.

विज्ञान दिनाला शाळेच्या साधनाबाईंनी त्यांना बोलावलं. रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेला माणूस, दुसरं कोण सांगणार? सूर्य सोडून सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापाशी कुणी असेल, तर त्याची हाक इथवर यायला ट्रान्समीटर केवढा लागेल? भाईंनी आठवडाभर कागद काळे केले आणि ठणकावून सांगितलं, "दोनशे कोटी वॉट! अख्ख्या कोयनेची वीज लागेल." अहो, काय टाळ्या पडल्या!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या उरवडे गावात भोंगा घरांकडे वळवताना त्यांचा हात थबकला. हिशेब केला होता चहूकडे आवाज फेकणाऱ्या ट्रान्समीटरचा. तीनशे मीटरची अँटेनाची तबकडी नेमकी आपल्याकडे रोखली आणि आपणही तेवढ्याच तबकडीनं कान लावला, तर दीडशेएक वॉटमध्ये भागतं. म्हणजे जीपवरच्या ॲम्प्लिफायरएवढं! जन्मभर भोंगा वळवणारा माणूस हिशेबात तेवढंच विसरला होता.

"कुणाला कळणार आहे?" त्यांची बायको सुलताना म्हणाली. "उगा हसं करून घ्याल. एकदा चुकलात म्हटल्यावर लोक काम देतील का?" तिचं काही खोटं नव्हतं. भाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण बाजाराच्या दिवशी भोंगा खणखणला, "ऐका हो! ताऱ्यावरच्या ट्रान्समीटरचा आकडा मी चुकीचा सांगितला. दोनशे कोटी न्हाई, दीडशे वॉटसुद्धा पुरतात!" भाजीवाल्या पोट धरधरून हसल्या. "भाई, तिकडनं कुणाची तक्रार आली का?" कान लाल झाले, तरी गडी तीन फेऱ्या मारून आला. असला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही!

संध्याकाळपर्यंत एक काम आलं नाही. मग मुठा गावच्या चंद्राबाई जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या. आठवड्यापूर्वी त्यांचे यजमान गेले होते.

"मालकांचा दहावा रविवारी हाय. सकाळी साडेसातला, नदीवर. पुकार."

"मावशी, माझी चूक ऐकलीत न्हवं?"

"ऐकली म्हणून तर आले. कुणी धरलं न्हाई तरी जो आपली चूक पुकारतो, त्याच्याच तोंडून माझ्या मालकांचं नाव जाऊ दे."