लेकीच्या नावाचं कडवं

मी तिसरी नापास. पण भजनाला कडवं जोडायला मला कुणी शिकवलं न्हाई. आमच्याकडं रीत अशी, की गाणं ज्यानं जुळवलं त्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. तोच त्याचा शिक्का.

किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो, तेव्हा मी आमच्या पडलेल्या गल्लीचं गाणं जुळवलं. शेवटच्या कडव्यात माझं नाव यायचं, तिथं मी लेकीचं घातलं. सहा वर्षांची होती. ढिगाऱ्याखाली गेली. तिचा एक फोटो न्हाई माझ्याकडं. शाळेच्या हजेरीत नाव चढलं होतं, ती शाळाबी बसली. भजनी मंडळातले म्हणाले, "गड्या, रीत मोडू नको, तुझंच नाव घाल." मी ऐकलं न्हाई. म्हणलं, गाणं हाय तोवर पोरीचं नाव लोकांच्या तोंडात राहील.

आता नात, पोराची पोरगी, लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय. सुट्टीत आली अन् मोबाइल माझ्यापुढं धरला. "आबा, आमचे सर तुमचं गाणं म्हणायलेत."

पेटी, तबला, झकास आवाज. पोरांनी हिंमत धरावी म्हणून क्लासनं मोबाइलवर टाकलेलं. खाली बारीक अक्षरात 'गीत व गायन' म्हणून सरांचं नाव. ते मी गिळलं असतं. पण शेवटचं कडवं आलंच न्हाई. तिथं क्लासचं नाव झळकलं.

सकाळच्या जीपनं नातीसंगं लातूर गाठलं. सर पाया पडले.

"आबा, आम्ही लोकगीत समजून घेतलं. त्याला मालक नसतो."

"मालक तुमच्यापुढं उभा हाय."

"काही पुरावा?"

मी शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. सरांनी मान वाकडी केली. "पण हे तर बाईचं नाव आहे."

"माझी लेक. भूकंपात गेली."

सर जरा नरमले. "बरं, खाली तुमचं नाव टाकतो. शाल-नारळ देतो, सत्कार करतो. पण कडवं आता बसत नाही, गाणं बांधून झालंय."

"माझं नाव नको. तिचं घाला."

"गाणं तिनं रचलं का?"

व्हय म्हणलो असतो तर कदाचित काम झालं असतं. तोंडातून खोटं निघालं न्हाई. नात दारात उभी, डोळे भरलेले. "आबा, चला ना. मला इथंच वर्ष काढायचंय."

"शाल तुमच्याच खांद्यावर घ्या," म्हणलो अन् जिना उतरलो.

घरी नातीनं अंगणात बसवून माझ्याकडून सगळी कडवी म्हणवून घेतली, मोबाइलवर टाकली. दोन दिवसांत तिथनं गाणं गायब. मोबाइलवरच निरोप आला, की हे गाणं आधीच दुसऱ्याच्या नावावर हाय, तुम्ही ते उचललं. मी! सबंध आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली न्हाई.

गाणं परत लागावं म्हणून नात अर्ज भरायला बसली. "आबा, मूळ रचणारा कोण, ते विचारतेत. तुमचंच नाव लिहावं लागंल."

जे नाव तेव्हा हट्टानं घातलं न्हाई, ते आता लेकीसाठी घालायचं. "लिही," म्हणलो.

सहा महिने झाले. जवाब न्हाई. नात म्हणती, येईल. तिची परीक्षा जवळ आली, तिला मी आता विचारत न्हाई.

परवा नव्या गावठाणातल्या देवळात भजन होतं. नव्या गड्यांनी आपण होऊन माझंच गाणं धरलं. सगळ्यांना पाठ, मोबाइलवरून. मी डोळे मिटून टाळ धरला. क्लासचं नाव येतं त्या जागी समदे थांबले, पखवाज थांबला. पुढचं मी एकट्यानं म्हणलं. दम पुरला न्हाई, नावावर आवाज फाटला.

पखवाजवाला हात पुसत म्हणाला, "आबा, हे आता नवीन जोडलंत का?"