पाणवठ्यातली काटकी

माझं येडशीत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. बिघाडाचं कारण सापडेना की वस्तू उघडून बघायची, एवढाच माझा धर्म. भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही... पण यंदाच्या मे महिन्यातलं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप उन्हाळ्यात रामलिंगच्या जंगलात पशुपक्ष्यांसाठी केलेले छोटे पाणवठे कॅननं भरतो. ग्रुप सुरू केला तो गावातल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी. ते गेल्या दिवाळीत वारले. त्यांचे नियम दोनच — पाणवठा भरला की व्हॉट्सअ‍ॅपवर थेंबाची इमोजी टाकायची, आणि पाण्यात एक काटकी तिरकी ठेवायची, म्हणजे पडलेली मधमाशी तिच्यावरून बाहेर येते. काटकी आम्ही हमखास विसरायचो. सर मागाहून जाऊन ठेवून यायचे.

त्या दिवशी टेकडीमागचा पाणवठा भरायची पाळी माझी होती. जाणारच आहे म्हणून मी सकाळीच थेंब टाकून मोकळा झालो. मग मेहुणीच्या लग्नाची गडबड सुरू झाली आणि जायचं राहूनच गेलं. थेंब बघितल्यावर दुसरं कोण कशाला जाईल? नवव्या दिवशी एकदम आठवलं. तिथं तित्तराची पिल्लं होती.

ग्रुपमधल्या अंगणवाडीच्या सुनंदाताईंना सगळं खरं सांगितलं. चार कॅन घेऊन भर दुपारी दोघं निघालो. वाटभर माझ्या डोळ्यांपुढं मेलेली पिल्लंच येत होती.

पाणवठा काठोकाठ भरलेला! तित्तराची मादी आणि तिची पाचही पिल्लं खुशाल पाणी पीत होती. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. मग काटकी दिसली... ताजी, हिरवी, तिरकी ठेवलेली. तिच्यावर एक मधमाशी पंख वाळवत बसली होती.

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "सरच येऊन गेले असतील. तुमच्या थेंबावर त्यांचा कधी भरवसा व्हता?"

आम्ही खाली बसून पोट धरून हसलो. आणलेलं पाणी ओतायला जागाच नव्हती, ते सरांनी लावलेल्या वडाच्या रोपाला घातलं.

नंतर ग्रुपवर चूक कबूल केली, सगळ्यांना विचारलं. वनरक्षकांना विचारलं, मेंढपाळांनाही. कुणीच भरला नव्हता. पाऊस तर नव्हताच. कारण अजून सापडलेलं नाही, आणि इथं उघडून बघायला काही हातातही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा माझी पाळी आली. पाणवठा कोरडा होता, काटकीही नव्हती. मी आधी पाणी भरलं, काटकी शोधून तिरकी ठेवली, आणि मग थेंब टाकला.