जीपच्या हुकावरचा माइक

दुसरा माइक देतो म्हणे! त्याच्यापेक्षा चकाचक, लाइट लागणारा... मी मागितलाय का दुसरा? चार दिवस फोन करतेय आणि जो उचलतो तो तेच सांगतो, "आई, देख रहे हैं, गोडाऊन में होगा." बघताय तर नीट बघा ना. माझी वस्तू आहे ती, तुमच्या गोडाऊनचं भंगार नाही.

तुमच्या या शूटिंगच्या ग्रुपवर ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माझं शिक्षण चौथी, त्यामुळे चुका काढत बसू नका. आमचे हे पोलीस खात्यात ड्रायव्हर होते, गस्तीच्या जीपवर. मुलुंड, भांडुप, नाहूर... एक गल्ली सोडली नसेल.

ती जीप लिलावात निघाली तेव्हा यांनीच घेतली. खात्याने बॉनेटवरची 'पोलीस' अक्षरं खरवडली, वायरलेस सेट काढून घेतला. बंद पडलेला एक माइक तेवढा साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून यांच्या हातात ठेवला. काळा, मुठीत मावेल एवढा, बाजूला बटण आणि खाली पिळाची वायर. यांनी तो परत जीपमध्ये डॅशबोर्डच्या हुकाला लावला. वायर कुठेच जोडलेली नाही, पण जागा तीच.

हे गेले तेव्हा सगळे मागे लागले, जीप विकून टाक. मी नाही विकली. उभी गाडी खराब होते, हे नेहमी सांगायचे. म्हणून जुन्या काळातली पोलीस गाडी पाहिजे असा गोरेगावहून शूटिंगवाल्यांचा फोन आला की मी स्वतः चालवत घेऊन जाते.

मागच्या गुरुवारी गेले. सकाळीच वाद. तुमचा ड्रायव्हर बसला आणि चालत्या गाडीत दुसऱ्या गिअरवरून पहिला टाकायला गेला... कर्रर्र! माझ्याच दातातून कळ गेली.

"अरे मेल्या, गिअर आहे तो, उसाचा चरक नाही! क्लच दोनदा मार!"

या जुन्या गिअरबॉक्सला पहिला गिअर असा घुसवून चालत नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडायचा, जरा रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग हळूच पहिला. यांनी मला आरेच्या रस्त्यावर शिकवलंय, दर चुकीला कपाळावर हात मारत. तो ड्रायव्हर मला सांगतो, "मौसी, बीस साल से गाडी चला रहा हूँ." म्हटलं, "चालव ना. माझी नको चालवू. उतर."

शेवटी डायरेक्टर म्हणाला, मावशी, तुम्हीच चालवा, आम्ही मागून घेतो. साडीवर खाकी शर्ट चढवला, डोक्यावर टोपी घातली आणि पाच वेळा चालवली. एकदाही गिअर ओरडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या... मी जरा फुगलेच.

त्या फुगण्यातच घोळ झाला. मधे कधीतरी तुमचा शूटिंगचा सामानवाला विचारायला आला, "आई, ये माइक चलता है क्या? निकाल के लाइटवाला लगा दूँ?" मी आपली टोपी सारखी करत होते. म्हटलं, "मेलंय ते कधीच. काय करायचं ते कर."

एवढंच बोलले. माझं तोंड असंच आहे, तुम्हाला माहीत आहे.

संध्याकाळी लिंक रोडने परत येताना सिग्नलला थांबले. सवयीने हात हुकाकडे गेला... तर तिथे प्लास्टिकचं खेळणं. लाल दिवा लुकलुकतोय.

आता ऐका. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचं दीड वर्ष हे बोलत नव्हते. लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी विचारायचे, हे नुसते बघत राहायचे. मी चिडायचे, ओरडायचे आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

एक दिवस काय सुचलं कोण जाणे, जीपमधून तो माइक काढून आणला आणि यांच्या डाव्या हातात दिला. अंगठा आपोआप बटणावर गेला. टक्.

गस्तीवर बोलायची सोय नसली की यांच्या गाडीत हीच पद्धत होती. वायरलेसवर पलीकडून विचारणार, इकडून नुसतं माइकचं बटण दाबायचं. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही.

मी विचारलं, "चहा घेणार?" टक्. "साखर घालू?" टक्. "डॉक्टरने बंद केलीय, मुळीच घालणार नाही." टक् टक् टक् टक् टक्... शिव्या होत्या त्या, दुसरं काय!

दीड वर्ष आमचा संसार त्या बटणावर चालला. आमच्या घरात तरी तो माइक बंद नव्हता.

शेवटच्या सकाळी विचारलं, "घाबरलात का हो?" टक् टक्. मग मीच घाबरले. म्हटलं, "मला जमेल का, एकटीला?" मग... टक्.

हे गेल्यावर मी तो माइक परत हुकाला लावला आणि त्याला हात लावूनच रोज गाडी चालू करते.

सामानवाल्याला मी चोर म्हणणार नाही. मेलंय म्हणून मीच सांगितलं, त्याने काढलं. पण आता तुम्हाला कळलंय ते काय आहे. आता 'होगा' चालणार नाही. खोके उघडा, एकेक वस्तू बाहेर काढा. मला बोलवा, मी येऊन शोधते. गोडाऊन कुठे आहे एवढं सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत मला उत्तर पाहिजे. बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नका. माझा नंबर तुमच्याकडे आहे. मिळाला असेल तर एक मिस्ड कॉल द्या. नसेल मिळाला तर दोन.

मला समजतं.