हाताला पाठ असलेल्या चाव्या

चावीवाले काका कुणावर विश्वास ठेवत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "अहो, कुलपं उघडतो ना मी!" गिऱ्हाइकाला समोर उभं करूनच चावी कापायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे काय काय करता येतं, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

नाव झालं ते मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे. एकदा कापलेली चावी काकांच्या हाताला पाठ असते, अशी त्यांची ख्याती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई दर दोन महिन्यांनी चावी हरवतात आणि काका नमुना न बघता नवी करून देतात. "नोंदी ठेवत नाही आपण. सगळं इथं," म्हणून मनगट दाखवतात. साठीपर्यंत ते खरंही होतं. मग हात विसरू लागला आणि काका प्रत्येक चावीचा गुपचूप फोटो काढू लागले. पुतण्याने दिलेल्या टॅबमध्ये असे तीनशेवर फोटो जमले होते. ते गेले तर नाव जाणार, आणि कुणाला दिसले तरी नाव जाणार.

सोमवारी सकाळी त्या टॅबने आपणहून अपडेट घेतलं आणि पुन्हा उठायलाच तयार होईना. कंपनीचं चिन्ह यायचं, टॅब थरथरायचा, काळा पडायचा, पुन्हा चिन्ह. पहिला संशय पुतण्यावर.

"मी बोटसुद्धा लावलं नाही, काका!"

"मग न विचारता सांगतोस कशाला?"

शेवटी काकांनी दोन गल्ल्यांपलीकडचं दुरुस्तीचं दुकान गाठलं. तिथली तिशीतली बाई म्हणाली, "ठेवून जा, संध्याकाळी या." काकांना हे वाक्य ओळखीचं होतं. लबाड चावीवाले हेच म्हणतात. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या हातांवर नजर रोखून बसले.

तिने आधी चार्जर लावून पाहिला. मग पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरलं. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी उमटली.

"सगळं पुसलं तर दहा मिनिटांत होईल, काका."

"पुसायचं नाही!"

"आहे तरी काय आत?"

"नातवंडं."

"किती?"

"तीनशे."

"नातवंडं?"

"फोटो हो, फोटो!"

ती गालातल्या गालात हसली. काकांना ते हसणं मुळीच आवडलं नाही. तिने तात्पुरत्या फायली साफ केल्या. उपयोग झाला नाही. मग टॅब लॅपटॉपला जोडला. अपडेट अर्धवट उतरलंय, तेच पहिल्यापासून चढवते, फोटोंना धक्का लागणार नाही, असं तिने सांगितलं. पडद्यावर टक्के वाढत होते. काका टक्क्यांकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

पाऊण तासाने टॅबने पासवर्ड मागितला. काकांनी टॅब छातीशी धरला, मागे सरकले आणि पासवर्ड टाकला. मास्तरीणबाईंची चावी जागेवर होती. बाकीच्याही होत्या.

"आहेत ना सगळी?" तिने विचारलं.

"आहेत," म्हणून त्यांनी टॅब पिशवीत कोंबला. आपल्या पाठीमागे काचेचं कपाट होतं, त्यात तिला पडदा दिसला असणार, हे त्यांना रस्त्यावर आल्यावर आठवलं.

आठवडाभर काकांना गिऱ्हाइकाच्या साध्या हसण्यातही काळंबेरं दिसत राहिलं. शनिवारी ती दुरुस्तीवाली स्वतःच आपल्या दाराची चावी घेऊन आली, न सांगता स्टूल ओढून बसली आणि नजर थेट काकांच्या हातांवर.

नवी चावी कापून झाल्यावर म्हणाली, "ही पण पाठ राहील ना, काका? मी फार वेंधळी आहे."

काकांनी तिचा चेहरा निरखला. त्यावर काहीच सापडेना.

"हात विसरतो आता," ते म्हणाले. "फोटो काढावा लागेल."

"मग काढा की. नातवंडांशेजारी ठेवा."

काकांनी काउंटरखालून टॅब बाहेर काढला आणि थांबले.

"तोंड तिकडं करा," ते म्हणाले. "पासवर्ड टाकतोय."