आईची सरकारी कवळी

आई मासे खायची ते बघत बसावं असं असायचं. मांदेली, पेडवे, तारले, काट्यांनी भरलेला कुठलाही मासा असो, घास तोंडात गेला तरी तिचं बोलणं चालूच. शेजारणीचं, कोळणीचं, माझ्या शाळेतल्या हेडबाईंचं, सगळ्यांचं उणंदुणं काढून होईपर्यंत ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर येत राहायचा आणि ताटाच्या कडेला त्यांची छोटी रास व्हायची. आत काय चालायचं देव जाणे. मी तिचीच मुलगी, पन्नाशी उलटली, पण बांगडा असला की अजून गप्प बसते आणि चाचपत खाते. ती मला हसायची. "माझा चेडू असान काट्याक भियतंस?"

लालबागला आम्ही दोघीच राहतो. बाबा मिल बंद झाल्यावर फार टिकले नाहीत. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि त्याच्या मागच्या बाजूच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. मी परळच्या एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझ्या खिडकीसमोर येताना पालक आधी देवाचं नाव घेतात असं शिपाई सांगतो. असेना.

सत्तरी ओलांडल्यावर आईचे दात हलायला लागले. ती कोणाला सांगते? घास या गालातून त्या गालात फिरवत राहिली. मला कळलं ते कोळणीमुळे. सलग तीन रविवार घरात कोलंबी आली. "आज पण कोलंबी? बाजारातला बांगडा संपला की काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "कोलंबी बरी, मऊ असता." मी तिला दिव्याखाली बसवलं आणि आ करायला लावलं. वरचे तीन आणि खालचे चार दात उरले होते, तेही कधी जातील असे. मी तिला एवढं झापलं की तिने संध्याकाळी चहा घेतला नाही.

आधी दादरला गेलो. साड्यांच्या दुकानाच्या वर दवाखाना, एसी, चपला बाहेर काढायच्या. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारा. आईला आजी म्हणाला. सगळे दात काढावे लागतील हे त्याने लगेच सांगितलं. मग म्हणाला, साधी कवळी बसवता येईल, पण हाडात चार-सहा स्क्रू बसवून त्यावर दात पक्के केले तर फरक पडेल. "वरची टाळू मोकळी राहील. आजींना घास कळेल, चव कळेल." मी मनात म्हटलं, घ्या, चव पण विकायला काढली. दादरच्या डॉक्टरांना विकता येत नाही असं काही नसतं.

मग त्याने आकडा सांगितला.

तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते असं नाही. बँकेत एक ठेव आहे, माझ्या म्हातारपणासाठी ठेवलेली. मला पुढे कोण आहे? मी पडले तर उचलायला माणूस पैसे देऊनच आणावं लागणार. त्यातली निम्मी ठेव त्या स्क्रूंमध्ये गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, पण चेहरा मी सरळ ठेवला. तीस वर्षं फीमाफीचे अर्ज घेतल्यावर चेहरा सरळ ठेवता येतो. आई माझ्या समोरच्या खुर्चीवर होती. माझ्या मागच्या भिंतीवर हसणाऱ्या बाईचं मोठं पोस्टर होतं, ते ती बघत असावी.

जिना उतरून फुटपाथवर आल्याबरोबर ती म्हणाली, "नको गो माका ता. ह्या वयात तोंडात स्क्रू मारून घेवचे? मी काय कपाट आसंय? सरकारीत बसयतत ती कवळी बरी."

मी भांडले. फुलवाल्यांच्या गर्दीत उभी राहून भांडले, चार माणसं वळून बघायला लागली. पैशाचं तू बघू नकोस, मी समर्थ आहे, लोक आईसाठी काय काय करतात, असं सगळं बोलले. पण मी भांडते कशी ते मला माहीत आहे. मला खरंच जिंकायचं असतं तेव्हा मी आवाज खाली आणते. हेडबाईंशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, सगळ्यांशी. त्या दिवशी मी ओरडत होते. आईने तिसऱ्यांदा नको म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं. परतताना मी तिला टॅक्सीने आणलं.

दातांच्या सरकारी हॉस्पिटलात पहिल्या दिवशी मी केसपेपरच्या खिडकीवर, एक्स-रेच्या रांगेत आणि लिफ्टसमोर, तीन ठिकाणी भांडले. नंतर भांडायची गरज पडली नाही, कारण आमच्या वाट्याला जी मुलगी आली तिच्यावर रागावताच येईना. शेवटच्या वर्षाला होती. लांबच्या जिल्ह्यातली, हॉस्टेलला राहणारी, डोळ्यांखाली काळं. आईचे दात त्या मुलीच्या वरिष्ठ डॉक्टरांनी थोडे थोडे करून काढले, मग हिरड्या भरून यायला थांबलो, मग या मुलीने मापं घ्यायला सुरुवात केली. माप म्हणजे तोंडात लगदा भरून तो घट्ट होईपर्यंत आ करून बसायचं. आईला ओकारी यायची. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "आजी, नाकाने श्वास घ्या, झालं, झालं." घरी येऊन आई ते मला करून दाखवायची.

फेऱ्या बऱ्याच झाल्या. आदल्या दिवशी मुलीचा फोन यायचा, "आजी, उद्या नक्की येणार ना? प्लीज हं." शिकणाऱ्या मुलांना ठरावीक कवळ्या पूर्ण कराव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर मोठ्या सरांची सही लागते. पेशंट मध्येच यायचा बंद झाला की त्यांची मेहनत पाण्यात. आईला इतकं आर्जवाने कोणी कुठे बोलावलं नव्हतं. ती कपाटातली चांगली साडी काढायची. एकदा नारळाच्या वड्या करून नेल्या. तोंडात एकही दात नसलेली बाई सकाळी सहाला उठून नारळ खवत बसली होती. मी म्हटलं, "तिथे काय लग्नाला चाललीस?" ती म्हणाली, "चेडू हॉस्टेलात काय खाता काय म्हायत."

आत नातेवाइकांना सोडत नसत. मी बाहेर बाकड्यावर बसायची आणि शाळेतले फोन घ्यायची. त्यामुळे आत काय विचारलं जातं आणि आई काय उत्तर देते ते मला ऐकू आलं नाही.

कवळी मिळायच्या दिवशी मात्र दार उघडं होतं. मोठे सर आले. टॉर्च मारून बघितलं, चावायला लावलं. "आजी, कुठे टोचतंय का? दुखतंय का?" डॉक्टरांसमोर आई शुद्ध बोलायला लागते. "नाही हो. अगदी छान बसली आहे. काही त्रास नाही." सरांनी मुलीच्या वहीवर सही केली. मुलीने वाकून आईच्या पायाला हात लावला, आणि आईने नव्या दातांनी हसून तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ओळीत बसवलेले एकसारखे पांढरे दात. क्षणभर मला ती कोणी परकी बाई वाटली. पण मी खूश होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगत सुटले, सरकारीत काय वाईट आहे? उगाच लोक दादरला जाऊन लुटले जातात.

त्या रविवारी मी स्वतः बाजारात गेले आणि ताजे बांगडे आणले. आईच्या मालवणी पद्धतीने त्यांचं आंबट-तिखट तिखलं केलं. आईने पहिला घास घेतला आणि ती गप्प झाली.

आधी मला वाटलं चव घेते आहे. दुसरा घास, तिसरा घास, एक शब्द नाही. ताटाच्या कडेला एकही काटा नाही. मग तिचा हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं आणि तिने गळ्याशी हात नेला. मी सुका भात वळून गोळे दिले, केळं दिलं, पाठीवर थोपटलं. ती खोकत होती आणि मी तिच्यावरच ओरडत होते, "हळू खायला काय होतं तुला!" घाबरले की मला दुसरं काही सुचत नाही. बऱ्याच वेळाने काटा खाली उतरला. ती मोरीत गेली, कवळी काढली, धुतली, आणि हातात धरूनच बाहेर आली.

"काटो खय असा ताच कळणा नाय," ती म्हणाली. "तोंडात कोणी लादी बसवल्यासारखा वाटता."

बोलताना तिचं तोंड उघडं होतं. वरच्या हिरडीवर एका बाजूला पांढरट व्रण दिसला, चांगला तूरडाळीएवढा. खाली दुसरा. मी विचारलं, हे कधीपासून?

"पयल्या दिवसापासून."

"आणि त्या सरांना म्हणालीस छान बसली आहे?"

"त्या चेडवाची परीक्षा होती गो. दुखता म्हटलंय असता तर तेका परत पयल्यापासून करूचा लागला असता. रडला असता ता."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. अशी कशी तू, दहा फेऱ्या कशासाठी मारल्या, माझ्या रजा गेल्या. रजा! तिच्या तोंडात जखमा आणि मी रजा मोजत होते.

पुन्हा हॉस्पिटलात गेलो. ती मुलगी परीक्षा संपवून गावी गेली होती. दुसऱ्या एकाने पाच मिनिटांत कवळीच्या टोचणाऱ्या दोन्ही जागा घासून दिल्या, आणि आठवड्याभरात व्रण गेले. मी त्याला विचारलं, काटा कळत नाही त्याचं काय? तो भला मुलगा होता, नीट समजावलं. वरची कवळी टाळूला चिकटूनच टिकते. टाळू झाकली की तिथलं कळणं कमी होतं. सवय होईल म्हणाला. त्यांची काही चूक नव्हती. कवळी अशीच असते. मला दादरचा तो गोड बोलणारा डॉक्टर आठवला. टाळू मोकळी राहील, घास कळेल, असं तो म्हणाला होता, आणि मी त्याला मनातल्या मनात दुकानदार ठरवून मोकळी झाले होते.

सवय झाली नाही. आईने बांगडा सोडला, मांदेली सोडली. कोळीण हाक मारायची तर ही मान हलवून पुढे जायची. मी काटे नसलेले सुरमईचे तुकडे आणले तेव्हा म्हणाली, "बटाटो खाल्ल्यासारखा लागता." मग कढी-भात, पेज. जेवताना ती बोलेनाशी झाली. चौदाव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात भांड्यांचा तेवढा आवाज. इतकी वर्षं जिच्या बडबडीने मी वैतागत होते, तिने एकदा तरी कोळणीला शिव्या द्याव्यात असं मला वाटायला लागलं.

वर्ष व्हायच्या आत मी एकटीच दादरला गेले. अजून स्क्रू बसवता येतील का? डॉक्टर म्हणाला, तपासण्या कराव्या लागतील, पण होईल. आकडा थोडा वाढला होता. मी खर्चाचा कागद घेतला, बँकेत जाऊन ठेव मोडायचा फॉर्म आणला, आणि शनिवारी दुपारी आईसमोर जेवायला बसले. तिने माझ्यासाठी बांगडा केला होता. स्वतःच्या ताटात मऊ भात.

मी कागद तिच्यासमोर ठेवला. "आई, आपण ते स्क्रू करून घेऊ," मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं.

तिने मान वर केली. माझा तो आवाज ती ओळखते.

"आता नको. माझा झाला."

"झालं काय? तुला जेवण जात नाही. मला दिसत नाही का? पैशाचं—"

"दादरच्या डॉक्टरान आकडो सांगल्यान ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तुझा तोंड बघलंय."

मी तो सरळ चेहरा करायला गेले. जमलं नाही.

"माका वायट नाय वाटला," ती म्हणाली. "खरा सांगतंय. तुका पुढे कोण असा? ते पैसे तुझ्याकडेच ऱ्हवांदेत." तिने कागदाची घडी घातली आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. मग माझं ताट स्वतःकडे ओढलं. बांगडा उघडला, मधला काटा सबंध उचलून बाजूला ठेवला आणि बारीक काटे बोटांनी चाचपून काढत बसली. जे तिची जीभ करायची ते आता बोटं करत होती. काटा नाही अशी खात्री झाली की तुकडा माझ्या भातावर ठेवायची.

"खा," ती म्हणाली. "भात निवात."

मला रडायला येत होतं आणि भूकही लागली होती. मी खाल्लं. बांगडा ताजा होता, गोड होता. तिने विचारलं, "कसो असा?" आणि मी सांगितलं.